वाइल्डकार्ड ही खिरापत नव्हे

जानेवारीत ब्रिस्बेन, ॲडलेड, होबार्ट आणि शेवटी मेलबर्न असा ऑस्ट्रेलियाचा उन्हाळी टेनिस हंगाम सुरू झाला की एक आक्षेप हमखास कानावर येतो. सोळा-अठरा वर्षांच्या स्थानिक मुलींना वाइल्डकार्ड देऊन थेट मुख्य फेरीत उतरवायचे आणि क्रमवारीत त्यांच्या कितीतरी वर असलेल्या परक्या देशांतल्या खेळाडूंना पात्रता फेरीत घाम गाळायला लावायचा, हा कुठला न्याय? आपल्याकडचे टेनिसप्रेमीही हा आक्षेप तावातावाने मांडतात. त्यामागची भावना मला समजते. वशिल्याने पुढे गेलेली माणसे आपण शाळेपासून सरकारी कचेरीपर्यंत इतकी पाहिली आहेत की, कुणाला रांग सोडून आत घेतले की आपल्या मनात पहिला संशय वशिल्याचाच येतो. पण इथे तो संशय चुकीच्या दारावर थाप मारतो आहे. तरुण मुलींना घरच्या स्पर्धेत मिळणारे वाइल्डकार्ड हा गुणवत्तेवरचा अन्याय नाही. क्रमवारीला जी गुणवत्ता मोजता येत नाही, ती मैदानावर आणण्याचा तो एक रास्त मार्ग आहे. अन्याय या व्यवस्थेत आहे, पण तो या मुलींच्या कार्डात नाही.

आधी व्यवस्था नीट पाहू. ऑस्ट्रेलियन ओपनच्या महिला एकेरीत मुख्य फेरीच्या १२८ जागा असतात. त्यांतल्या १०४ क्रमवारीनुसार भरतात, १६ जणी पात्रता फेरीचे तीन-तीन सामने जिंकून येतात आणि उरलेल्या ८ जागा वाइल्डकार्डच्या. म्हणजे सोळातली एक. आणि या आठही काही घरच्या मुलींच्या वाट्याला येत नाहीत. २०२४ चे उदाहरण घ्या. एक कार्ड फ्रान्सच्या क्रिस्टिना म्लादेनोविचला आणि एक अमेरिकेच्या मॅककार्टनी केसलरला गेले, कारण ऑस्ट्रेलियासह या तीन देशांच्या संघटना आपापल्या ग्रँडस्लॅममधली कार्डे एकमेकींना देतात. एक आशिया-पॅसिफिक विभागातून जपानच्या माइ होन्तामाला मिळाले. एक डेन्मार्कच्या कॅरोलिन वोझ्नियाकीला, कारण ती २०१८ ची विजेती होती आणि मातृत्वानंतर परतली होती. ऑस्ट्रेलियाच्या मुलींसाठी राहिली चार. १२८ पैकी चार जागांवर स्पर्धेची गुणवत्ता बुडते असे म्हणणे हिशेबालाही धरून नाही.

पण आक्षेप संख्येचा नाही, तत्त्वाचा आहे, असे सांगितले जाते. ठीक आहे, तत्त्वाचेच बोलू. 'हे ग्रेस मार्क देण्यासारखे आहे,' असे विरोधक म्हणतात. मला ही तुलनाच मान्य नाही. ग्रेस मार्कांनी निकाल बदलतो. नापास झालेला पास होतो. वाइल्डकार्ड हे फार तर परीक्षेचे हॉल तिकीट आहे. पेपर तोच, तपासनीस तोच. नेटपलीकडे उभी असलेली खेळाडू समोरची मुलगी कार्डावर आली आहे म्हणून सर्व्हिस हळू करत नाही. गुणांचा हिशेबही हेच सांगतो. ग्रँडस्लॅमच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला क्रमवारीचे अवघे १० गुण मिळतात. पात्रता फेरीतून आलेलीला तिथल्या यशाचे वेगळे ४० गुण मिळतात. वाइल्डकार्डवर आलेलीला ते नाहीत. एक सामना जिंकला तर ७०, दोन जिंकले तर १३०. म्हणजे कार्ड कुणाला क्रमवारीत वर चढवत नाही. चढायचे असेल तर जिंकावेच लागते, आणि जिंकायचे असते ते अशा खेळाडूंविरुद्ध, ज्यांच्यासमोर उभे राहण्याची संधी त्या मुलीला एरवी दोन-तीन वर्षे मिळाली नसती.

आता या वादाच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाकडे येऊ. क्रमवारी म्हणजेच गुणवत्ता, असे आक्षेप घेणारे धरून चालतात. क्रमवारी बावन्न आठवड्यांत कमावलेले गुण मोजते. ते गुण कमवायला स्पर्धा खेळाव्या लागतात, आणि स्पर्धा खेळायला तिथे पोहोचावे लागते. प्राग किंवा बार्सिलोनाची मुलगी रेल्वेत बसून आठवड्याला एक स्पर्धा गाठू शकते. पर्थ किंवा गोल्ड कोस्टच्या मुलीला युरोपात जायला फार लांबचा विमानप्रवास करावा लागतो, आणि एकदा गेले की महिनोन् महिने परत येणे परवडत नाही. ऑस्ट्रेलियात ट्रॅरल्गन, प्लेफर्ड, बर्नी, लॉन्सेस्टन अशा गावांत आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) छोट्या स्पर्धा झाल्या आहेत. पण वरच्या दर्जाचे महिला टेनिस त्या देशात येते ते मुख्यतः जानेवारीतल्या काही आठवड्यांपुरते. उरलेले वर्ष खेळ दुसऱ्या गोलार्धात चालतो. तेव्हा दोन मुलींचा खेळ सारखाच असला तरी त्यांचे क्रमांक सारखे असणार नाहीत. एकीच्या क्रमांकात तिचा फोरहँड दिसतो, दुसरीच्या क्रमांकात विमानाचे भाडेही मिसळलेले असते.

यात खर्चाची एक बाजू अशी आहे की ती मुलींच्या पालकांनाच ठाऊक असते. सोळा वर्षांच्या मुलीला परदेशातल्या आडगावी आयटीएफ स्पर्धेला एकटीला पाठवायला कोणते आईवडील तयार होतील? आई, वडील किंवा प्रशिक्षक, कुणीतरी बरोबर जाते. तिकिटे दोन, व्हिसा दोन, खाणेपिणे दोघांचे. आणि जी स्पर्धा खेळायला ही दोघे जातात, त्या डब्ल्यू-१५ या सर्वांत खालच्या दर्जाच्या स्पर्धेत सगळ्या खेळाडूंना मिळून वाटायची रक्कम असते १५ हजार अमेरिकी डॉलर, आणि विजेतीला मिळतात १५ गुण. जिंकूनही बहुधा घरूनच पैसे घालावे लागतात. अशा स्थितीत क्रमवारीला निखळ गुणवत्तेचा दाखला मानणे म्हणजे घरची ऐपत आणि खेळ यांची गल्लत करणे होय.

वयाचा नियम तर या आक्षेपाचा पायाच काढून घेतो. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि काही वर्षांत तिची जी ओढाताण जगाने पाहिली, त्यानंतर महिला टेनिसने १९९५ पासून अठरा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धांवर मर्यादा घातली. वय जितके कमी, तितक्या कमी स्पर्धा. नियम चांगला आहे, तो राहिलाच पाहिजे. पण त्याचा परिणाम काय? सोळा वर्षांची मुलगी वर्षभर मोकळेपणी खेळूच शकत नाही. पंचविशीतली खेळाडू जितक्या स्पर्धांतून गुण गोळा करते, तितक्या या मुलीला मुळात मिळतच नाहीत. एका नियमाने तिला स्पर्धा कमी खेळायला लावायच्या आणि त्या कमी स्पर्धांमुळे आलेला खालचा क्रमांक दाखवून दुसऱ्या दाराने तिला परत पाठवायचे, हे न्यायाचे लक्षण नाही. वाइल्डकार्ड ही तफावत थोडी भरून काढते. म्हणून तरुण मुलीच्या बाबतीत ते वयाने मोठ्या खेळाडूपेक्षा अधिक समर्थनीय ठरते.

'पण या वयाच्या मुली खरोखर त्या दर्जाच्या असतात का?' असा पुढचा प्रश्न येतो. उत्तर मैदानावर मिळते. जानेवारी २०२५ मध्ये ॲडलेडच्या डब्ल्यूटीए ५०० स्पर्धेत गोल्ड कोस्टच्या एमर्सन जोन्सला वाइल्डकार्ड मिळाले. वय सोळा, ज्युनियर गटात जगात अव्वल. तिने पहिल्या फेरीत जगातल्या पहिल्या चाळीस जणींत असलेल्या वांग शिन्यूला ६-४, ६-० असे हरवले. क्रमवारीवरून हा निकाल कुणी वर्तवला असता? पुढच्या फेरीत ती दारिया कसात्किनाकडून हरली आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एलेना रिबाकिनाने तिला ६-१, ६-१ असे नमवले. या शेवटच्या निकालाकडे बोट दाखवून 'पाहा, मुलगी तयार नव्हती' असे म्हटले गेले. रिबाकिना २०२२ ची विम्बल्डन विजेती आणि २०२३ ची ऑस्ट्रेलियन ओपनची उपविजेती. त्या खेळाडूपुढे जगातल्या कितीतरी अनुभवी जणी याहून बरे करू शकलेल्या नाहीत. सोडतीत समोर कोण येईल ते कुणाच्या हाती नसते. ॲडलेडचा निकाल विसरून केवळ मेलबर्नचा लक्षात ठेवणे हा प्रामाणिक युक्तिवाद नाही.

महिला टेनिसमध्ये मुली लवकर परिपक्व होतात, हे तर सगळे जग पाहत आले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये माँट्रियलला कॅनडाच्या घरच्या उन्हाळी स्पर्धेत अठरा वर्षांची व्हिक्टोरिया म्बोको वाइल्डकार्डवर उतरली. तिने कोको गॉफ आणि रिबाकिनाला हरवले, अंतिम सामन्यात नाओमी ओसाकालाही हरवून विजेतेपद घेतले. २०१९ मध्ये इंडियन वेल्सला बियांका आंद्रेस्कूही वाइल्डकार्डवरच आली होती आणि जिंकून गेली. २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये क्रमवारीत ३६१ वी असलेली लोइस बोइसाँ घरच्या वाइल्डकार्डवर उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. वाटेत तिने जेसिका पेगुला आणि मिरा आंद्रेयेवाला बाहेर काढले. आदल्या वर्षी हेच कार्ड तिच्या हाती आले होते, पण स्पर्धेच्या तोंडावर गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि ते निसटले. क्रमवारीतला तो ३६१ हा आकडा तिच्या खेळाचा नव्हता, दुखापतीचा होता. केवळ क्रमवारीने दार उघडायचे असते तर यांतली एकही कथा घडली नसती.

ऑस्ट्रेलियातही अशी नावे कमी नाहीत. २००९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये येलेना डोकिच वाइल्डकार्डसाठीचा डिसेंबरमधला प्लेऑफ जिंकून आली आणि कॅरोलिन वोझ्नियाकीसह मानांकित खेळाडूंना हरवत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली. २०१९ मध्ये किंबर्ली बिरेलने वाइल्डकार्डवर येऊन मानांकित डोना वेकिचला घरी पाठवले आणि तिसरी फेरी गाठली. २०२२ मध्ये पर्थच्या मॅडिसन इंग्लिसने वाइल्डकार्डवर येऊन आदल्याच वर्षीच्या अमेरिकन ओपन उपविजेत्या लेला फर्नांडिसला सरळ सेटमध्ये हरवले आणि तीही तिसऱ्या फेरीत गेली. विरोधक लगेच म्हणतील की हीच इंग्लिस २०२६ मध्ये कार्डाशिवाय, पात्रता फेरीतून येऊन चौथ्या फेरीत पोहोचली, मग कार्डाची गरज काय? मी उलट विचारतो: मोठ्या मैदानावर आपण जिंकू शकतो हे तिला पहिल्यांदा कुठे कळले? २०२२ च्या कार्डाने तिला जे दिले, तेच चार वर्षांनी तिने पात्रता फेरीत वापरले. कार्ड मिळालेली मुलगी आयुष्यभर कार्डावर जगते, हा समज तिनेच खोटा ठरवला आहे.

माया जॉइंटचेही तसेच. जानेवारी २०२५ मध्ये वाइल्डकार्डवर आलेली ही अठरा वर्षांची मुलगी मेलबर्नला पहिल्याच फेरीत पेगुलाकडून हरली. त्याच वर्षी मे महिन्यात तिने रबातची आणि जूनमध्ये ईस्टबोर्नची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली आणि जगातल्या पहिल्या पन्नास जणींत जागा मिळवली. जानेवारीच्या निकालावरून ज्यांनी निवाडा दिला होता, त्यांना तो सहा महिन्यांत मागे घ्यावा लागला असता.

तरीही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे की वाइल्डकार्डवर आलेल्या बऱ्याच मुली पहिल्या फेरीतच हरतात. मात्र १२८ च्या सोडतीत पहिल्या फेरीत ६४ जणी हरतातच. त्यांत क्रमवारीने आलेल्याही असतात, पात्रता फेरीतून आलेल्याही. हरणे हा कार्ड परत घेण्याचा निकष असेल तर ॲश बार्टीचे काय करायचे? क्वीन्सलँडच्या इप्सविचची ही मुलगी २०११ मध्ये विम्बल्डनची ज्युनियर विजेती झाली, त्याच डिसेंबरमध्ये प्लेऑफ जिंकून पंधराव्या वर्षी तिने ऑस्ट्रेलियन ओपनचे कार्ड मिळवले. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी तिन्ही वर्षे मेलबर्नला एकेरीत ती पहिल्या फेरीत हरली. तेव्हा कुणी हिशेब मांडला असता तर तो तोट्याचाच निघाला असता. २०१४ च्या अखेरीस ती थकून टेनिसपासून दूर झाली, ब्रिस्बेन हीटकडून क्रिकेट खेळली. २०१६ मध्ये परतली. क्रमवारीत तळाशी असलेल्या या मुलीला २०१७ मध्ये पुन्हा वाइल्डकार्ड मिळाले आणि ती तिसऱ्या फेरीत गेली. २०१९ मध्ये फ्रेंच ओपन आणि जगात अव्वल स्थान, २०२१ मध्ये विम्बल्डन, आणि जानेवारी २०२२ मध्ये मेलबर्नचे विजेतेपद. १९७८ मध्ये ख्रिस ओनील जिंकल्यानंतर घरच्या खेळाडूने एकेरीचा तो करंडक उचलायला ४४ वर्षे लागली. त्या ४४ वर्षांचा शेवट एका मुलीवर पुन्हा पुन्हा ठेवलेल्या विश्वासाने झाला.

बार्टीच्या त्या विश्रांतीतूनच विरोधकांचा सर्वांत गंभीर मुद्दा उभा राहतो. कोवळ्या मुलींना एवढ्या प्रकाशात उभे करणे क्रूर आहे, असे ते म्हणतात. डेस्टनी आयावाचे नाव घेतात. मेलबर्नची ही मुलगी २०१७ मध्ये सोळाव्या वर्षी कार्डावर मुख्य फेरीत खेळली. २००० साली किंवा त्यानंतर जन्मून ग्रँडस्लॅमच्या मुख्य फेरीत उतरलेली ती जगातली पहिली खेळाडू. पुढे तिने आपल्या मानसिक त्रासाबद्दल जाहीरपणे सांगितले. या मुद्द्याला मी हलक्यात घेत नाही. पण त्याचे उत्तर दार बंद करणे हे नव्हे. मुलीला मोडते ते तीन आठवड्यांचे लक्ष आणि त्यानंतर दहा महिन्यांचे एकटेपण. फेब्रुवारी उजाडला की कॅमेरे जातात आणि ती परदेशातल्या छोट्या गावात, रिकाम्या बाकांसमोर खेळू लागते. तिच्याबरोबर प्रशिक्षक आहे का, तिची शाळा सांभाळली जाते आहे का, ती थकली तर थांबायची मुभा तिला आहे का, हे प्रश्न खरे आहेत, आणि ते संघटनेला विचारले पाहिजेत. हीच आयावा २०२५ मध्ये पात्रता फेरी पार करून ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये आली आणि पहिला सामना जिंकली. तिला गरज होती ती सोबतीची. तिच्या भल्यासाठी म्हणून तिची जागा काढून घेण्याची नव्हे.

पैशाचा आक्षेपही असाच वरवरचा आहे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्या खेळाडूला १ लाख ३२ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, म्हणजे सुमारे ७० लाख रुपये. पात्रता फेरीच्या पहिल्याच सामन्यात हरणाऱ्या खेळाडूला ३५ हजार. 'हरण्याचे ७० लाख!' असे म्हणून लोक डोळे विस्फारतात. याच रकमेतून प्रशिक्षकाचा पगार, फिजिओ, विमानाची तिकिटे आणि वर्षभराच्या परदेशी मुक्कामाचा खर्च निघतो. श्रीमंत बापाच्या मुलीला या पैशाची गरज नसते. ती तशीही युरोपात राहू शकते. गरज असते ती मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला, जिचा खेळ जागतिक दर्जाचा आहे पण घरची ऐपत तशी नाही. ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस ऑस्ट्रेलिया ही राष्ट्रीय संघटना भरवते आणि त्या देशातला खेळ वाढवणे हे तिचे कर्तव्यच आहे. त्या कमाईतला एक वाटा उद्याच्या खेळाडूंवर खर्च झाला तर त्यात गैर काय?

आता मी त्या प्रश्नाकडे येतो ज्याचे उत्तर सोपे नाही. २०२३ मध्ये अरिना रोदियोनोव्हा या ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूने आयटीएफ स्पर्धांत विजेतेपदांमागून विजेतेपदे मिळवली. चौतिसाव्या वर्षी ती पहिल्या शंभराच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. तरी २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनसाठी तिला वाइल्डकार्ड मिळाले नाही. ते पर्थच्या अठरा वर्षांच्या टायला प्रेस्टनला मिळाले, जी क्रमवारीत तिच्या बरीच खाली होती. रोदियोनोव्हाने आपली निराशा लपवली नाही. काही आठवड्यांतच तिने पहिल्या शंभरात प्रवेशही केला. तिच्यावर अन्याय झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभर घाम गाळणाऱ्या खेळाडूला वयाच्या आकड्यावरून बाजूला सारणे कुठल्याही तत्त्वात बसत नाही.

पण तिची जागा प्रेस्टनने घेतली, हे मला मान्य नाही. वर दिलेली २०२४ ची यादी पुन्हा पाहा. चार कार्डे परदेशी खेळाडूंकडे गेली होती. त्यांतले वोझ्नियाकीचे कार्ड तिच्या नावाला आणि तिच्यामुळे विकल्या जाणाऱ्या तिकिटांना दिलेले होते. माजी विजेतीबद्दल आदर असावाच. पण तो दाखवायचा असेल तर सन्मान करा, जागा देऊ नका. फ्रान्स आणि अमेरिका यांच्याशी चालणारी देवाणघेवाण तर अधिक खटकणारी आहे. ज्या देशांकडे आधीच ग्रँडस्लॅम आहे, ज्यांच्याकडे पैसा, मैदाने आणि वर्षभर स्पर्धा आहेत, त्यांनीच आपापसांत कार्डे वाटून घ्यायची, आणि आशिया-पॅसिफिकच्या अख्ख्या अफाट प्रदेशासाठी एक जागा ठेवायची! ज्यांना गुणवत्तेची चाड आहे त्यांनी आपला राग इथे वळवावा. भारतातल्या, थायलंडमधल्या, इंडोनेशियातल्या मुलीचा हक्क खरोखर कुठे मारला जात असेल तर तो या अदलाबदलीत. एमर्सन जोन्सच्या कार्डात नाही.

आपण भारतीयांनी तर वाइल्डकार्डला नावे ठेवण्याआधी आपलाच इतिहास आठवायला हवा. जानेवारी २००५ मध्ये अठरा वर्षांची सानिया मिर्झा ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये उतरली ती वाइल्डकार्डवरच. तिने पहिल्या फेरीत ऑस्ट्रेलियाच्याच सिंडी वॉटसनला, दुसऱ्या फेरीत हंगेरीच्या पेत्रा मांडुलाला हरवले आणि ग्रँडस्लॅम एकेरीची तिसरी फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला ठरली. तिथे सेरेना विल्यम्सकडून ती ६-१, ६-४ अशी हरली. सेरेनाने त्या वर्षी ती स्पर्धा जिंकली. पुढच्याच महिन्यात सानियाने घरच्या हैदराबादेत डब्ल्यूटीए विजेतेपद मिळवले, २००७ मध्ये ती जगात २७ वी झाली, आणि मेलबर्ननेच तिला २००९ मध्ये मिश्र दुहेरीचे आणि २०१६ मध्ये महिला दुहेरीचे विजेतेपद दिले. २००५ मध्ये तिला मिळालेल्या जागेवर कुण्या वरच्या क्रमांकाच्या खेळाडूचा हक्क होता, असे आपल्यापैकी किती जण म्हणाले होते? आपल्या मुलीला मिळाले तर संधी आणि दुसऱ्यांच्या मुलीला मिळाले तर वशिला, ही दुटप्पी भूमिका आपण सोडली पाहिजे.

वाइल्डकार्डचा खरा दुरुपयोग कसा असतो, तेही आपण पाहिले आहे. २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनआधी अखिल भारतीय टेनिस संघटनेने सुमित नागलचे नाव आशिया-पॅसिफिक वाइल्डकार्डच्या प्लेऑफसाठी पाठवले नाही, कारण त्याने डेव्हिस चषकात खेळायला नकार दिला होता. नागल पात्रता फेरीतून आला आणि त्याने ३१ वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरवले. संधी ही बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरली की असे होते. दोष कार्डाचा नव्हता, ते कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्यांच्या मनमानीचा होता.

आणि नीट वापरले तर काय होते, तेही आपल्याच मुंबईत घडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर झालेल्या मुंबई ओपन या डब्ल्यूटीए १२५ स्पर्धेत कोइम्बतूरच्या पंधरा वर्षांच्या माया राजेश्वरनला पात्रता फेरीचे वाइल्डकार्ड मिळाले. तिने पात्रता फेरी पार केली आणि थेट उपांत्य फेरी गाठली. तिथे पुढे विजेती ठरलेल्या यिल टाइखमानने तिला रोखले. ती स्पर्धा मुंबईत नसती, किंवा आयोजकांनी केवळ क्रमवारी पाहिली असती, तर ही मुलगी त्या आठवड्यात कुठल्यातरी ज्युनियर स्पर्धेत खेळत असती. चेन्नईच्या डब्ल्यूटीए स्पर्धेत २०२२ मध्ये करमन कौर थंडीने वाइल्डकार्डवरच येऊन मानांकित क्लोए पाकेला हरवले होते.

पण कार्ड द्यायला आधी स्पर्धा हवी. ऑस्ट्रेलियात ती दरवर्षी ठरलेल्या वेळी होते, म्हणून तिथली चौदा वर्षांची मुलगी आज कोर्टवर घाम गाळताना दोन वर्षांनंतरचा जानेवारी डोळ्यांसमोर ठेवू शकते. आपल्याकडे बंगळुरूची २००८ ची स्पर्धा झाली, त्यानंतर चेन्नईपर्यंत म्हणजे २०२२ पर्यंत महिलांची एकही मुख्य डब्ल्यूटीए टूर स्पर्धा भारतात झाली नाही. पुण्यात बालेवाडीला २०१२ मध्ये १२५ दर्जाची स्पर्धा झाली, अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना ती जिंकून गेली, आणि ती स्पर्धा तिथेच संपली. मुंबईची २०१७ आणि २०१८ ला झाली, मग थेट २०२४ ला. मधल्या वर्षांत सोळा-सतरा वर्षांच्या झालेल्या आपल्या मुलींना घरचे कार्ड कुणी दिले असते? महाराष्ट्राने ऋतुजा भोसले दिली, जिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. बार्शीची प्रार्थना ठोंबरे दिली. या मुली ज्या वयात घडत होत्या, त्या वयात त्यांना दरवर्षी घरी एक मोठी महिला स्पर्धा मिळाली असती, तर एकेरीत त्या कुठवर गेल्या असत्या, हा प्रश्न आपल्या संघटनांनी स्वतःला विचारावा.

म्हणून माझी मागणी कार्डे कमी करण्याची नाही, कार्डांना शिस्त लावण्याची आहे. निकष हंगामाआधी जाहीर व्हावेत. निदान एक कार्ड अठरा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेतून, कोर्टवरच ठरावे, जसे आयावाला मिळाले. निवृत्तीतून परतणाऱ्या तारकांसाठी आणि संघटनांच्या देवाणघेवाणीसाठी कार्डे खर्ची पडू नयेत. ती जागा रोदियोनोव्हासारख्या राबणाऱ्या खेळाडूला आणि ज्यांच्याकडे ग्रँडस्लॅम नाही अशा देशांच्या मुलींना मिळावी. ज्या अल्पवयीन मुलीला कार्ड दिले, तिच्या पुढच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाची आणि प्रवासाची जबाबदारी संघटनेने घ्यावी. आणि महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने मुंबईची महिला स्पर्धा कोणत्याही वर्षी खंड न पडता चालू ठेवावी, तिच्या वाइल्डकार्डचे निकष मराठी वर्तमानपत्रांत छापून आणावेत, म्हणजे सांगली, सोलापूर, नागपूरच्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना कळेल की दार कुठे आहे आणि ते कशाने उघडते.

पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातली यादी जाहीर होईल तेव्हा तिच्यातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या नावांवर काट मारू नका. ती यादी नीट वाचा, कोणते कार्ड खेळासाठी दिले आणि कोणते व्यवहारासाठी, ते पाहा, आणि व्यवहाराच्या कार्डांविरुद्ध बोला. त्या मुलींना मात्र खेळू द्या.